आमच्याकडे चारच माणसं

१२ सप्टेंबर १९९६, गुरुवार. संध्याकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. रोज. खंड पडणार नाही.

रेल्वेच्या ऑफिसात, एस्टॅब्लिशमेंट सेक्शनमध्ये, एकतीस वर्षं लोकांच्या रजा, बदल्या आणि इन्क्रिमेंट लिहिली. निवृत्त होऊन साडेपाच महिने झाले. या साडेपाच महिन्यांत तुम्ही नेमकं काय केलंत, असं इंदूने परवा विचारलं. अशा प्रश्नांना लगेच उत्तर देऊ नये. उत्तर आज पोस्टाने आलं.

पुण्याच्या बेहेरे यात्रा कंपनीचं पत्र. दिवाळीनंतर दर पंधरवड्याला चाळीस-बेचाळीस यात्रेकरू काशीला पाठवणार. मुक्काम आणि जेवण आपल्या घरी, दूधविनायकावर. आजवर आपल्याकडे दहा-बारा माणसं उतरायची, त्यांचं इंदू करायची. आता हा धंदा म्हणायचा. अटी दोन. स्वयंपाकाला महाराष्ट्रातलं माणूस हवं. आणि कामगारविषयक सर्व कायदे पाळले जातात असं लेखी हवं. मालक सुशांत बेहेरे एलएल.बी. आहेत, लेटरहेडवर नावापुढे छापलंय.

दुसरा कुणी घाबरला असता. मला हसू आलं. कायदा म्हणजे शेवटी रजिस्टर, आणि रजिस्टर म्हणजे मी.

टपालात वाईहून मेव्हण्यांचं कार्डही होतं. नेहमीसारखं, एकच ओळ : 'आई विचारते, इंदू कधी येते?' एवढं मोठं कार्ड आणि एक ओळ. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. इंदू नऊ वर्षांत माहेरी गेलेली नाही. काही ना काही निघतं. तिला सांगितलं, आता माणसं ठेवणार आहोत, दिवाळी झाली की खुशाल जा, महिनाभर राहा. शब्द दिला. ती म्हणाली, "बरं." एवढंच. बायकांना आनंद दाखवता येत नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

कचहरीजवळ, म्हणजे कोर्टाजवळ, फुटपाथवर पुस्तक मिळालं. 'श्रम कानून : सरल एवं संक्षिप्त'. जुनं आहे. पहिली आठ पानं फाटलेली. प्रस्तावना असणार. प्रस्तावना वाचून कुणी शहाणा झाल्याचं ऐकिवात नाही.

दुपारभर वाचलं. निम्मं पुस्तक समजलं, उरलेलं समजल्यातच जमा आहे. मुख्य गोष्ट सापडली. दुसऱ्या राज्यातून आणलेल्या मजुरांचा एक स्वतंत्र कायदा आहे. पाच किंवा अधिक असे मजूर ठेवले की तो लागू. मग नोंदणी, पासबुक, घर सोडून आल्याबद्दल भत्ता, गावी जायचा-यायचा प्रवासखर्च, राहायची सोय, औषधपाणी. चार असतील तर काहीच नाही!

म्हणजे सगळा कायदा एका आकड्यावर उभा आहे. बाहेरची चार माणसं ठेवायची, पाचवं येऊ द्यायचं नाही. सरकारने एवढी पानं छापली, आपण एका बोटाने उलटवली.

संकल्प : चार. कायम चार.

२० सप्टेंबर, शुक्रवार

पुढल्या आठवड्यात पितृपक्ष. त्यात नवीन काम सुरू करत नाहीत, म्हणून भरती आजच उरकली.

एक, वासुदेव. रीवा, मध्य प्रदेश. आचारी. डाळ बरी करतो. दोन, गीता. नदिया जिल्हा, बंगाल. पोळ्या. तीन, नीलकंठ. बेळगाव. साठीचा, मुंज-लग्नांत भात-भाजीचा अनुभव. चार, अंबिका. (पुरुष आहे. इकडे पुरुषांचं असतं.) पाणी आणि भांडी. गाव सैयदराजाजवळ, म्हणजे उत्तर प्रदेशातच.

बाहेरचे तीन, घरचा एक. एक जागा शिल्लक ठेवली आहे. यालाच दूरदृष्टी म्हणतात.

रुचीने (कन्या, बी.ए. शेवटचं वर्ष) विचारलं की यातलं महाराष्ट्राचं कोण? मी सांगितलं, नीलकंठ. ती हिंदीत हसली. ही पोरगी आता हसतेही हिंदीत.

२५ सप्टेंबर, बुधवार

घोटाळा. छोटा.

सगळ्यांचे जन्मस्थानासह तपशील भरत होतो. कायदा जन्मस्थान मागतो की नाही ते पुस्तकात सापडलं नाही, बहुधा त्या आठ पानांत असेल, पण माहिती जास्त असलेली बरी. अंबिकाला विचारलं, जन्म कुठला? तो म्हणाला, "माई नइहर गइल रहे साहेब, हम ओहीं जनमलीं." नइहर म्हणजे आईचं माहेर. कुठे? भभुआ. म्हणजे बिहार!

पहिलं बाळंतपण माहेरी. सगळ्या हिंदुस्थानाची रीत. पण या रीतीने किती माणसं जन्मतःच परप्रांतीय होतात याचा सरकारने कधी विचार केला आहे काय? अंबिका सव्वा महिन्याचा असताना उत्तर प्रदेशात आला, आणि अठ्ठेचाळीस वर्षं इथेच आहे. तरी कागदावर बिहारी. मी त्याला हे समजावून सांगितलं. तो जरा दुखावला.

नीलकंठने वेगळाच पेच टाकला. राज्याच्या रकान्यात मी 'कर्नाटक' लिहिलं तर त्याने पेन धरलं. बेळगाव महाराष्ट्रात आहे, होतं आणि राहणार, असं म्हणाला. मी नकाशाचं नाव काढलं तेव्हा जेवणावरून उठला. रकाना कोरा ठेवला आहे. विचार करून भरीन.

बाहेरचे एकूण चार. शिल्लक जागा संपली. काळजीचं कारण नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

बेळगावचा तीन दिवस विचार केला. आज पहाटे अहिल्याबाई घाटावर स्नान करताना प्रकाश पडला. महाराष्ट्र असो की कर्नाटक, उत्तर प्रदेश नव्हे. दोन्हीकडून तो बाहेरचाच. उगाच तीन दिवस गेले.

इंदू म्हणते वाटणघाटणाला अजून एक बाई हवी. तिचे गुडघे दुखतात. तिला समजावलं की पाचवं माणूस आणणं म्हणजे कायद्याला हळदीकुंकवाला बोलावणं. तिने विचारलं, मग वाटण कोण करणार? असे बारीकसारीक प्रश्न धोरण ठरवताना मध्ये आणू नयेत.

६ ऑक्टोबर, रविवार

बेहेरेंना कर्मचाऱ्यांची यादी पाठवायची होती. महाराष्ट्रातलं माणूस हीच अडचण. नीलकंठला घालता येत नाही. एलएल.बी. माणूस, भारत सरकारचा नकाशा काढून बसेल. वाईहून आचारी आणावा तर पाच होतात.

मग सुचलं. घरातच माणूस आहे.

यादीत पाचव्या क्रमांकावर लिहिलं : 'सौ. इंदू. कुशल महाराष्ट्रीय आचारी. मूळ जिल्हा सातारा. या आस्थापनेतील अनुभव २८ वर्षे.' यात एक अक्षर खोटं नाही. ६८ साली लग्न करून वाईहून आणली, तेव्हापासून अखंड सेवा. आणि पत्नी म्हणजे काही मजूर नव्हे, त्यामुळे कायद्याला चार आणि कंपनीला पाच. एकाच यादीने दोन्ही घरची सोय.

इंदूला वाचून दाखवलं. 'अखंड' शब्द यादीत नव्हता, तो मी तोंडी घातला. तिने विचारलं, खरंच असं लिहिलंत? म्हटलं, हो. बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती. भारावली असावी.

९ ऑक्टोबर, बुधवार

साप्ताहिक सुट्टीचा तक्ता केला. कायद्याने प्रत्येकाला आठवड्यात एक दिवस. सोमवार वासुदेव, मंगळवार गीता, बुधवार नीलकंठ, शुक्रवार अंबिका. रंगवून भिंतीवर लावला. ज्याची सुट्टी असेल त्याचं काम त्या दिवशी इंदू बघेल. व्यवस्था निर्दोष आहे.

रुचीने तक्ता बघून विचारलं, आईचा वार कुठला? या वयात मुलांना सगळ्याची थट्टा सुचते.

१४ ऑक्टोबर, सोमवार

माझ्या आयुष्यातलं एक स्वप्न पुरं झालं. रजेचा अर्ज मी स्वतः तयार केला.

नोकरीत एकतीस वर्षं दुसऱ्यांनी केलेले फॉर्म वापरले. सगळ्यांत काही ना काही राहिलेलं असायचं. माझ्या फॉर्मात तेरा रकाने. नाव, वडिलांचं वा पतीचं नाव, मूळ राज्य, जिल्हा, कामाचं स्वरूप, रजेचं कारण, जाण्याची तारीख, जाण्याचं ठिकाण, प्रवासाचं साधन, शरीरावरील खूण, वगैरे. दुर्गाघाटाच्या छापखान्यात शंभर प्रती टाकल्या. छापखानेवाला म्हणाला एवढे रकाने पानात बसत नाहीत, एक काढा. मी म्हटलं शरीरावरील खूण निघणार नाही. मग दुसरा एक काढला. बारा राहिले. तरी देखणा झाला आहे.

'मंजूर' असा रबरी शिक्काही करून घेतला. गोल.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

काल दसरा झाला. इंदूने विषय काढला. दिवाळीनंतर म्हणाला होतात, तर तिकीट आत्ताच काढायला हवं, गाड्या भरतात. तिला म्हटलं की यात्रेकरूंची पहिली पार्टी वीस नोव्हेंबरला येते. ती गेली की बघू. ती म्हणाली, नंतर दुसरी येईल. म्हटलं, ती गेली की. संक्रांतीला तर नक्कीच. ती कणीक मळायला गेली. वाद घालत नाही हा तिचा मोठा गुण.

गीता दुर्गापूजेला गेली ती परतली नाही. रजेचा अर्ज दिलेला नाही. इंदू पोळ्या करते आहे.

एक मोठं काम केलं. श्रम विभागाला पत्र. 'आमच्या आस्थापनेत परराज्यातील कामगार केवळ चार असल्यामुळे सदर कायदा आम्हांस लागू नाही, याचा लेखी खुलासा मिळावा.' रजिस्टर्ड, पोहोचपावतीसह. सोबत जोडपत्र म्हणून बेहेरेंना पाठवलेल्या यादीची कार्बन प्रत. जोडपत्राशिवाय सरकारी पत्र म्हणजे कुंकवाशिवाय कपाळ, असं आमचे हेडक्लार्क म्हणायचे.

रुची म्हणाली, "बाबा, सोए हुए को क्यों जगा रहे हैं?" तिला सांगितलं, आपण बोट दाखवल्याशिवाय सरकारला आपण दिसत नाही. ती म्हणाली, वही तो.

३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३

रोजनिशीत थोडा खंड पडला. कामाचा व्याप.

कायद्याचं पुस्तक दोन दिवस सापडेना. आज चौक्यात, म्हणजे स्वयंपाकघरात दिसलं, इंदूच्या मांडीवर. एका हाताने कढीत पळी, दुसऱ्या हाताने पान उलटत होती. मला वाटत होतं लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून नेलं असेल. तिने एक शंका विचारली. लांबून आणलेल्या कामगाराला घरी जाण्याचा खर्च मालकानेच द्यायचा असं लिहिलंय, ते खरं का? मी सविस्तर समजावलं. माणूस आपलं गाव, आपली माणसं सोडून आपल्यासाठी राबायला येतो. त्याला अधूनमधून घरी धाडणं मालकाचं कर्तव्यच आहे. कायद्याआधी ही माणुसकी आहे.

तिने विचारलं, अधूनमधून म्हणजे किती वर्षांनी? म्हटलं ते पुस्तकात बघावं लागेल. तिने पुस्तक पुढे केलं. मला नेमकं तेव्हाच उठावं लागलं.

या वयात तिला कायद्याची गोडी लागली याचं समाधान वाटतं.

वाईचं कार्ड. तेच.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी परवा झाली. वासुदेव धान कापायला रीव्याला गेला. अर्ज नाही. मी दारातून ओरडून फॉर्म दाखवला. त्याने दुरून हात जोडले आणि गेला. अंबिका छठपूजेसाठी सुनेकडे गेला. तोही तसाच. शंभर फॉर्म कोरे पडले आहेत. अडाणी लोक! हक्क मिळाला तर तो घ्यायचा कसा हे यांना कळत नाही.

गीता परत आली. नीलकंठ आहे, पण माझ्याशी अजून बेळगाववरून अबोला आहे, इंदूमार्फत बोलतो.

बेचाळीस माणसांचं सामान आलं. इंदू डबे भरते आहे. चकल्या, चिवडा, भाजणी, मेतकूट. तिला विचारलं एवढी घाई का, अजून आठ दिवस आहेत. म्हणाली, करून ठेवलेलं बरं. मसाल्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या आहेत. तिखट, गोडा मसाला, हळद. कुणासाठी, हे विचारायचं राहिलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

श्रम विभागाचं उत्तर! खुलासा नाही. इन्स्पेक्टर त्रिपाठीजी सोमवारी स्वतः भेट देणार.

गडबडून जायचं कारण नाही. हजेरीपट, सुट्टीचा तक्ता, फॉर्म, सगळं तयार. फक्त फॉर्म कोरे. रजा दिल्याचा पुरावा हवा. संध्याकाळी बसून वीस फॉर्मवर सह्या केल्या आणि 'मंजूर' मारलं. रकाने मागाहून भरता येतील. गठ्ठ्यात एक-दोन आधीच भरलेले दिसले. कामगारांना अखेर शिस्त लागते आहे, हे बघून बरं वाटलं. वाचले नाहीत. एकतीस वर्षांत मी एकही रजेचा अर्ज वाचलेला नाही. सही कुठे करायची ते दिसलं की पुरे.

शिक्का फार छान उमटतो.

१८ नोव्हेंबर, सोमवार

घडलं तसं लिहितो. मनाला लावून घ्यायचं नाही.

सकाळी नीलकंठला आणि गीताला नावेने रामनगरचा किल्ला बघायला धाडलं. माझ्या खर्चाने. हिशेब साधा होता : माणसं चार म्हटली आहेत, शून्य दिसली तर उत्तमच.

त्रिपाठीजी अकराला आले. गली चढून दमले होते. पंचावन्नचे, सभ्य, तोंडात पान. त्यांनी आधी माझं पत्र काढलं. मग त्यामागचं जोडपत्र. पत्रात चार आणि जोडपत्रात पाच कसे, असं विचारलं. मी म्हटलं, पाचवी माझी धर्मपत्नी आहे. ते म्हणाले, "तो फिर ये कुशल आचारी कौन हैं?" मी म्हटलं, तीच. ते म्हणाले, "पंडितजी, आप झूठ कंपनी से बोल रहे हैं या हमसे?" अत्यंत सौम्य आवाजात म्हणाले. तोच त्रास.

बाकीचे कामगार कुठे? रजेवर. सगळे? सगळे. परवा बेचाळीस माणसं येणार, तर स्वयंपाक कोण करतंय? मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात ते आवाजाच्या दिशेने चौक्यात गेले.

इंदू एकटी होती. पाट्यावर वाटत होती. लाडवांच्या तीन पराती बाजूला. त्रिपाठीजी दारातच थांबले, चपला काढल्या, आणि तिला हिंदीत विचारायला लागले. तिचं हिंदी इतकं चांगलं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

कुठल्या राज्याच्या? महाराष्ट्र. इथे कधीपासून? अठ्ठावीस वर्षं. कामाची वेळ? ती म्हणाली, "गंगाजी की आरती से पहले से, और सबके सो जाने के बाद तक." साप्ताहिक सुट्टी? ती हसली. हसताना तिने भिंतीवरच्या माझ्या तक्त्याकडे बघितलं. त्रिपाठीजींनीही बघितलं. घरी शेवटच्या कधी गेलात? नऊ वर्षं झाली. घरी कोण आहे? आई आहे, चौऱ्याऐंशीची. मला ओळखते अजून, असं म्हणाली. 'अजून' शब्दावर आवाज जरा हलला. मला वाटत होतं सासूबाई ठणठणीत आहेत. कार्डात तर कधी काही लिहिलेलं नसायचं.

मी मध्ये पडलो. म्हटलं, साहेब, ही गृहिणी आहे, कामगार नाही, हिला मोजता येणार नाही. आणि हिला वगळलं तर चारच राहतात, कायदा लागूच होत नाही!

त्रिपाठीजी माझ्याकडे वळले. म्हणाले तो कायदा मला तसाही लागू नाही. पाच असोत की पन्नास. तो ठेकेदारामार्फत दुसऱ्या राज्यातून आणलेल्या मजुरांसाठी आहे. व्याख्या पहिल्याच पानांत दिली आहे. वाचली नाहीत का?

ती आठ पानं.

मग अंबिकाचा भभुआचा जन्म, बेळगाव, शिल्लक जागा? जन्माशी काही संबंध नाही म्हणाले. जो कायदा मला लागू आहे तो दुकानांचा आणि आस्थापनांचा साधा कायदा. त्यातली नोंदणी केली आहे का? केलेली नव्हती. ती सगळेच करतात, म्हणून माझ्या लक्षात आली नाही. पंधरा दिवसांची नोटीस दिली.

जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले की घरची बाई कायद्याने कामगार ठरत नाही, माझं म्हणणं बरोबर आहे. मला बरं वाटलं. पुढे म्हणाले, "ठहरतीं, तो सबसे पहले इन्हीं को घर भिजवाते हम."

इंदू म्हणाली, त्याची गरज नाही साहेब, रजा मंजूर झाली आहे. पदराला हात पुसले आणि डब्यातून कागद काढून दिला. माझा फॉर्म. बाराच्या बारा रकाने भरलेले. कामाचं स्वरूप : सर्व. कारण : आईला बघणे. जाण्याची तारीख : १९ नोव्हेंबर. प्रवासाचं साधन : महानगरी एक्सप्रेस. शरीरावरील खूण : उजव्या मनगटावर तेलाचा डाग, भाजलेला. खाली माझी सही. गोल शिक्का.

त्रिपाठीजींनी तो पूर्ण वाचला. म्हणाले, सगळ्या कागदांत हाच एक नियमाला धरून आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

गेली.

तिकीट रुचीने तीन आठवड्यांपूर्वीच काढून ठेवलं होतं, दोन तास लाइनीत उभी राहून. स्टेशनवरही तीच घेऊन गेली. मी म्हटलं मी हेडक्वार्टर सोडू शकत नाही, उद्या पार्टी आहे. खरं म्हणजे मला कुणी बोलावलं नव्हतं.

निघताना इंदूने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, अहो, मेतकूट दुसऱ्या फळीवर आहे, तूप डावीकडे, चिठ्ठ्या लावल्यात. मी म्हटलं, पार्टी येतेय गं. ती म्हणाली, "तुमची चार माणसं आहेत ना."

मी गलीच्या वळणापर्यंत गेलो. तिथून पुढे ती मागे वळली नाही. सामान एक पिशवी. तिने आपलं स्वतःचं असं एवढंच सामान कधी जमवलं, हे मला माहीत नाही. अठ्ठावीस वर्षं एका घरात होतो.

२० नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ४

बेचाळीस आले. सुशांत बेहेरे स्वतः बरोबर.

भात नीलकंठने केला. पोळ्या गीताने, बंगाली बेताच्या, म्हणजे पुऱ्यांसारख्या. आमटी मी. तिखटाच्या डब्यावर चिठ्ठी होती म्हणून बरं, पण किती घालायचं ते चिठ्ठीवर नव्हतं. एका आजोबांनी गंगाजल मागितलं. श्रद्धा म्हणून नव्हे. लाडू मात्र सगळ्यांनी दोनदा घेतले.

बेहेरे एलएल.बी. हात धुताना म्हणाले, यादीतल्या त्या साताऱ्याच्या आचारी कुठे आहेत? लाडू त्यांचेच ना? मी म्हटलं, रजेवर. रीतसर. त्यांना कागद दाखवला. फॉर्म बघून ते खूश झाले. इतका तपशीलवार फॉर्म पुण्यातही बघितला नाही, म्हणाले. एकतीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

मग म्हणाले, त्या हजर होईपर्यंत पुढच्या पार्ट्या थांबवतो. तारीख सांगा.

म्हटलं, फॉर्ममध्येच असेल. बघितलं. उलटूनही बघितलं. परत हजर होण्याची तारीख. तेरावा रकाना. छापखान्यात मी काढला तो. गेलेलं माणूस परत येणारच, त्याला रकाना कशाला, असं मीच म्हटलं होतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

संकल्प : आमटीत तिखट निम्मं. दुकानांची नोंदणी उद्या. वाटण स्वतः करणे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

नोंदणी झाली नाही. वाटण केलं. पाव वाटी. गुडघे धरले. पाट्यापुढे बसून उठणं इतकं अवघड असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं, २८ सप्टेंबरला. मागे जाऊन वाचलं.

अंबिका परतला. छठपूजेचा प्रसाद, ठेकुआ, आणला. मालकीण कुठे म्हणून विचारलं. माहेरी म्हटल्यावर त्याने हात जोडले आणि म्हणाला की नइहराला जायला कागद लागत नाही, साहेब.

१ डिसेंबर, रविवार

पार्ट्या थांबल्या आहेत. घर शांत. रुची खिचडी करते आणि माझ्याशी मराठीत बोलते. जेवढ्यास तेवढं.

आज कार्डं आणली. इंदूला रीतसर पत्र लिहायला बसलो. 'आपली रजा मंजूर असली तरी आस्थापनेच्या दृष्टीने' इथपर्यंत आलो आणि खोडलं. दुसरं कार्ड घेतलं. आईंची तब्येत, सामान, अंबिका, नोंदणी, बरंच काही लिहायचं होतं. तासभर बसलो. पत्ता वाईचा घातला आणि मेव्हण्यांच्या नावाने टाकून आलो.

एवढं मोठं कार्ड. एकच ओळ लिहिली : 'इंदू कधी येते?'